टाकीला विरजण लागतं

मालवणात मासा म्हटला की आधी तिरफळ आठवतं. त्यामुळे शेजारची काकी एका सकाळी आमच्या खळ्यात उभी राहून एका माशासाठी डोळे पुसायला लागली, तेव्हा हसावं की गंभीर व्हावं, मला क्षणभर कळेना. "काल सांजेक बरो होतो रे. सकाळी बघतंय तर पाण्यावर उलटो."

मासा म्हणजे गोल्डफिश. जत्रेत खाजा आणि खटखट्या लाडवांच्या दुकानाशेजारी एक माणूस पाण्याने भरलेल्या पिशव्या टांगून बसला होता, त्याच्याकडून नातवाने हट्टाने घेतलेला. सोबत गोल काचेचं भांडं, मूठभर निळे-गुलाबी खडे आणि प्लास्टिकचं झाड. मासा आठव्या दिवशी गेला. "रोज नवा पाणी घालतंय, खडे घासून धुतंय. आजून काय करूचा?" काकीने विचारलं.

दर मे महिन्यात आणि दर जत्रेनंतर मला हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मासा याच सुमाराला मेलेला असतो: पहिल्या आठवड्यात किंवा दुसऱ्या. लोकांना वाटतं रोग झाला, दृष्ट लागली, नाहीतर विकणाऱ्याने फसवलं. शेवटच्यात कधीकधी तथ्य असतं. पण खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं. पाणी स्वच्छ होतं, पण 'लागलेलं' नव्हतं. या 'लागलेलं'चा अर्थ सांगण्यासाठीच हा लेख.

## जेवण आणि परसाकडची जागा एकच

आपण जेवतो माजघरात आणि जातो परसाकडे. माशाला ती सोय नाही. ज्या पाण्यात तो खातो, श्वास घेतो, झोपतो, त्याच पाण्यात त्याची घाण जाते. त्यातही दिसणारी घाण, म्हणजे तळाला लोंबणारी ती दोऱ्यासारखी विष्ठा, हा लहान भाग. मोठा भाग दिसतच नाही. अन्नातली प्रथिनं पचली की माशाच्या अंगात अमोनिया तयार होतो, आणि तो मुख्यतः कल्ल्यांवाटे सरळ पाण्यात जातो. उरलेलं, कुजलेलं खाद्यही शेवटी अमोनियाच होतं.

अमोनिया म्हणजे कोंदट गोठ्यात शिरल्यावर नाकात जातो तो तिखट वास. टाकीत तो वास यायच्या कितीतरी आधी माशाचे कल्ले भाजू लागतात. मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो, कल्ले लालसर दिसतात, पंख अंगाला चिकटवून तो कोपऱ्यात बसतो. पाणी मात्र आरशासारखं नितळ असतं. आपण बाहेरून बघतो आणि म्हणतो, पाणी तर एवढं स्वच्छ आहे.

## मग विहिरीतले मासे कसे जगतात?

हा प्रश्न मला काकीनेच टाकला आणि तो रास्त आहे. आमच्या विहिरीत कोणी पंप लावलेला नाही, कोणी पाणी बदलत नाही, तरी मासे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आरोग्य खात्याने डासांसाठी सोडलेले गप्पी तर कुठल्याही टाकीत, डबक्यात वाढतात.

थोडा हिशेब करू. आठ फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी असेल तर ते झालं सुमारे १४ हजार लिटर. त्यात दहा मासे धरले तर एकेकाच्या वाट्याला चौदाशे लिटर. आता घरातली 'दोन फुटी' टाकी घ्या: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर ५६ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ उरतात. तेच दहा मासे इथे साडेचार-साडेचार लिटरमध्ये संसार करतात. काकीच्या भांड्यात तर एकूण पाणीच चार लिटर होतं. विहिरीत चिमूटभर मीठ पडलं तर कळत नाही. तेच चहाच्या कपात पडलं तर पहिल्या घोटाला कळतं.

पण फरक नुसता पाण्याच्या मापाचा नाही. विहिरीच्या जांभ्याच्या प्रत्येक चिऱ्यावर, शेवाळावर, तळच्या गाळावर एक बुळबुळीत थर असतो. पोहायला उतरलात तर पायाला लागतो तो. तो थर जिवंत असतो आणि टाकीत आपल्याला नेमका तोच हवा असतो.

## दोन पाळ्यांचा कारखाना

त्या थरात जिवाणू असतात. पहिल्या पाळीचे जिवाणू अमोनिया खातात आणि त्यापासून नायट्राइट नावाची वस्तू बनवतात. ही वस्तूही विषारीच. ती रक्तात शिरते आणि रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. अशा माशाचं रक्त तपकिरी होतं. पाण्यात हवा भरपूर असते आणि मासा तरी गुदमरतो. दुसऱ्या पाळीचे जिवाणू हे नायट्राइट खाऊन नायट्रेट बनवतात. नायट्रेट मात्र बराच सौम्य. तो हळूहळू साचतो, थोडा वनस्पती शोषून घेतात, बाकीचा आपण पाणी बदलून काढायचा.

नावं सारखी असल्याने घोळ होतो. मी मुलांना सांगतो, नायट्राइट म्हणजे वाईट, एवढं लक्षात ठेवा, दुसरं आपोआप कळेल.

नव्या कोऱ्या टाकीत हे दोन्ही गट नसतात. ते हवेतून, पाण्यातून, माशांबरोबर येतात आणि सावकाश वाढतात. पहिली पाळी भरायला दोन-तीन आठवडे, दुसरी त्यानंतर. सगळं मिळून साधारण चार ते सहा आठवडे. आणि जत्रेतला मासा मरतो कधी? पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. अमोनिया चढलेला असतो आणि कामगार अजून भरती व्हायचे असतात.

या काळात पाणी एकदा दुधाळ होतं. घाबरून लोक टाकी रिकामी करतात. तसं करू नका. ते गढूळपण वेगळ्याच जिवाणूंच्या वाढीचं असतं, काही दिवसांत आपोआप निवळतं.

## विरजण कुठून आणायचं

दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागत नाही. नुसतं ठेवून दिलं तर नासतं. टाकीचं अगदी तसंच आहे. आणि विरजण जसं शेजारून वाटीभर आणता येतं, तसं इथेही आणता येतं.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. त्यांचं आवडतं घर म्हणजे फिल्टरमधला स्पंज, कारण तिथून सतत प्राणवायू असलेलं पाणी वाहतं. ज्याची टाकी सहा महिने निरोगी चालली आहे, अशा कोणाकडून वापरलेल्या मळकट स्पंजाचा तुकडा मागून आणा. त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, तासाभरात घरी पोचेल असा. तो आपल्या फिल्टरमध्ये नव्या स्पंजाशेजारी ठेवा. सहा आठवड्यांचं काम मग दीड-दोन आठवड्यांवर येतं. मित्राच्या टाकीत रोग चालू असेल तर मात्र नको, विरजणाबरोबर तोही येतो.

कोणीच ओळखीचं नसेल तर टाकी भरून, फिल्टर चालू करून, मासे न सोडता रोज खाद्याची चिमूट टाकत राहा. ते कुजतं, अमोनिया होतो, जिवाणूंना जेवण मिळतं. रिकाम्या टाकीत खाद्य टाकणाऱ्याकडे घरचे चमत्कारिक नजरेने बघतात, तेवढी तयारी ठेवावी. दुकानात थेंबांची चाचणी मिळते. टाकीतलं पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी जुळवायचा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट थोडा दिसला की दही लागलं. मग मासे आणा, तेही दोन-तीन, सगळे एकदम नकोत. जिवाणू जेवणाच्या मापाने वाढतात. दहा पाहुणे अचानक आले तर भात कमी पडणारच.

मासे आधीच घरी आले असतील आणि हे सगळं आता वाचत असाल, तर उपाय एवढाच: खाद्य निम्मं करा, रोज पाचवा हिस्सा पाणी बदला, फिल्टरला हात लावू नका. नायट्राइट चढलेला असेल तर ४५ लिटरला चहाचा एक चमचा मीठ विरघळवून टाका. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. हा उपाय विष उतरवत नाही, नुसता वेळ मिळवून देतो.

## 'पण मी रोज सगळं पाणी बदलते'

काकीचा मुद्दा असा की, रोज नवं पाणी म्हणजे अमोनिया साचणार कुठे? वरवर बरोबर आहे. पण चार लिटरमध्ये गोल्डफिशसारखा खादाड मासा एका दिवसातही पाणी बिघडवतो. शिवाय रोजच्या अंघोळीबरोबर आणखी तीन धक्के बसतात.

पहिला क्लोरीनचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकलेली असते. दोन्ही जंतू मारण्यासाठीच. त्यांना आपले जिवाणू आणि परके जंतू यांतला भेद कळत नाही, आणि माशाचे कल्लेही त्यातून सुटत नाहीत. पाणी पसरट बादलीत चोवीस तास उघडं ठेवलं की हा क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात. विहिरीत नुकतीच पावडर पडली असेल तर थेंब हवेतच, नुसत्या बादलीवर विसंबू नका.

दुसरा धक्का तापमानाचा. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी येणारं पाणी हाताला चटका देतं. ते सरळ माशावर ओतायचं म्हणजे काय ते बघा.

तिसरा साबणाचा. खडे, भांडं, प्लास्टिकचं झाड, सगळं भांड्याच्या साबणाने लख्ख. साबणाचा लवलेशही कल्ल्यांवरचा नाजूक थर धुऊन काढतो, आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर तर जातोच. आपल्याकडे स्वच्छतेचं हे वेड चांगलं आहे, पण ते न्हाणीपुरतं ठेवावं. टाकी साफ करायची म्हणजे आठवड्यातून एकदा रबरी नळीने तळचा गाळ ओढत पाव हिस्सा पाणी काढायचं आणि तेवढंच बादलीतलं निवलेलं पाणी हळू ओतायचं. फिल्टरचा स्पंज महिन्याभराने, तोही नळाखाली नाही. टाकीतून काढलेल्या त्या गढूळ पाण्यातच दोनदा पिळायचा. मळका दिसला तर दिसू दे. काढलेलं पाणी अळवाला किंवा अनंताला घाला, त्यांची पानं काळोखी होतात.

## जांभ्याचं पाणी: आपलीच एक गोम

हा भाग पुण्या-नाशिकच्या माणसाला फारसा लागू नाही, पण किनाऱ्यावर राहणाऱ्याने नीट वाचावा. मी स्वतः यात एकदा फसलो आहे.

तिकडचं बोअरचं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. आपलं जांभ्यातून पाझरलेलं पाणी हलकं. डाळ झटकन शिजते, साबणाला फेस येतो. ते किंचित आंबटाकडे झुकतं. हलक्या पाण्यात आंबटपणा रोखून धरणारे क्षार कमी असतात. त्यात आपले जिवाणू अमोनिया पचवताना आम्ल तयार करतात. जड पाणी ते पचवून टाकतं, हलकं पाणी दिवसेंदिवस आंबट होत जातं. फार आंबट झालं की जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साचायला लागतो.

गंमत अशी की मासे तरीही ठणठणीत असतात. कारण आंबट पाण्यात अमोनिया आपलं रूप बदलून जवळजवळ निरुपद्रवी अवस्थेत राहतो. हे पाण्याच्या सामूवर अवलंबून असतं. सामू म्हणजे पीएच, पाणी किती आंबट आहे याचं माप. सात म्हणजे मध्य, खाली गेलं की आंबट. सामू सातवरून आठवर गेला की त्याच अमोनियातला विषारी हिस्सा साधारण दहापट होतो.

माझी टाकी दीड वर्ष अशीच चालली होती. आळसाने मी पाणी बदलत नव्हतो, वरून फक्त भर घालायचो. एक दिवस उत्साह आला, अर्धं पाणी काढून नळाचं ताजं भरलं. क्लोरीनचे थेंबही टाकले होते. संध्याकाळपर्यंत नऊपैकी सात मासे गेले. नव्या पाण्याने सामू एकदम वर गेला आणि इतके दिवस निपचित पडलेला अमोनिया जागा झाला. मी तेव्हा दुकानदाराच्या थेंबांना शिव्या घातल्या. त्या बाटलीचा काही दोष नव्हता.

म्हणून जुनी, दुर्लक्षित टाकी एका दिवसात सुधारायची नाही. रोज दोन तांबे, मग चार, असं पंधरवडाभर करायचं. आणि दुसरा उपाय आपल्या उकिरड्यावरच असतो. तिसऱ्या, म्हणजे आपण खातो ती शिंपली, त्यांचे रिकामे शिंपले. मांस पूर्ण काढून, उकळून, उन्हात वाळवून मूठभर शिंपले फिल्टरपाशी ठेवले की पाणी आंबट व्हायला लागेल तसतसे ते थोडे विरघळतात आणि आंबटपणा मारतात. शहरात हेच 'कोरल चुरा' म्हणून पाकिटात विकत मिळतं. दर पावसाळ्याआधी मी शिंपले बघतो. कडा झिजून खडबडीत झालेल्या असतात.

किनाऱ्याला अगदी लागून ज्यांच्या विहिरी आहेत त्यांची गोष्ट उलटी. तिथे उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं. मॉली आणि गप्पी ते आनंदाने सोसतात, निऑन टेट्रासारखे मासे नाही.

## लाईट गेली तर

कोकणात मासे पाळायचे तर हा प्रश्न 'तर'चा नाही, 'कधी'चा आहे.

फिल्टर बंद पडला की दोन गोष्टी घडतात. पाणी हलायचं थांबतं आणि वरून प्राणवायू विरघळायचा थांबतो. लोकांना वाटतं बुडबुड्यांमधली हवा माशाला मिळते. बुडबुड्यांचं खरं काम पाणी ढवळण्याचं. चहा निववायला आपण या भांड्यातून त्या भांड्यात ओततो, तेव्हा वारा लागतो तो पृष्ठभागाला. इथेही तेच. त्यात गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी राहतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. म्हणजे आपल्या मे महिन्यात मासा आधीच काठावर असतो.

दुसरी गोष्ट, स्पंजातले जिवाणूही श्वास घेतात. बंद फिल्टरमध्ये ते काही तासांत गुदमरू लागतात.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा आमच्या वाडीत पाच दिवस लाईट नव्हती. माड आडवे, तारा रस्त्यावर, मोबाइल बंद. मी पहिल्याच संध्याकाळी फिल्टर उघडून स्पंज टाकीतच सोडला आणि खाद्य पूर्ण बंद केलं. थंड रक्ताचा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो. खाल्लं नाही तर घाणही कमी. दर दोन-तीन तासांनी कोणीतरी जायचं आणि मगाने पाणी भरून वीतभर उंचीवरून वीस-पंचवीस वेळा ओतायचं. आईने त्या पाच दिवसांत माशांना जितकी नावं ठेवली तितकी वादळालाही ठेवली नसतील, पण पहाटेची पाळी तिनेच केली. एक मॉली गेली, बाकी राहिले. मासे कमी होते आणि टाकीत पाणवनस्पती होत्या, म्हणून हे जमलं. खच्चून भरलेली टाकी दुसऱ्या दिवशीच कोसळली असती. आता मी सेलवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवला आहे. रापणीला जाणाऱ्या माझ्या एका मित्राने तो बघून विचारलं, "हेच्यार बांगडो किती दिस जगात?"

लाईट आली की फिल्टर लगेच चालू करू नका. आत कोंडलेलं कुजकं पाणी आधी ओतून टाका.

## औषध कधी घालायचं

माझं मत विचाराल तर फार क्वचित. दहापैकी आठ वेळा 'आजारी' मासा म्हणजे बिघडलेलं पाणी. झिजलेले पंख, कापसासारखी बुरशी, सुस्ती, हे सगळं पाणी सुधारल्यावर निम्मंअधिक आपोआप बरं होतं. आणि दुकानातून आणलेलं प्रतिजैविक, माणसाचं असो वा माशाचं, अंदाजाने टाकलं तर आपल्या कामगार जिवाणूंनाही मारतं. मग अमोनिया चढतो, मासा मरतो आणि आपण म्हणतो, औषध उशिरा घातलं.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवावा: अंगावर रव्याचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. हा खरा परजीवी आहे, आणि तो आपल्याकडे हमखास येतो जूनच्या पहिल्या पावसात. कारण टाकीचं पाणी एका रात्रीत तीन-चार अंशांनी उतरतं आणि मासा कमजोर होतो. याचं वागणं समजून घेतलं तरच उपचार लागू पडतो. ठिपका म्हणजे कातडीखाली दडलेला किडा. तिथे औषध पोचत नाही. काही दिवसांनी तो गळून तळाला पडतो, कोष करतो, आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत नवा मासा शोधू लागतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की औषध थांबवणारे लोक हमखास पस्तावतात. ठिपके गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवायचा, तळ रोज उपसायचा, हवा जास्त सोडायची. नवा मासा आणला की दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवला तर हा पाहुणा घरात शिरतच नाही.

## चवथ आणि चाकरमानी

खाद्याबद्दल सगळे सांगतात: दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं, हा अंदाज धरला की हात आखडतो. पण चवथीला घरात पंचवीस माणसं असतात. मुंबईहून आलेली सगळी पोरं टाकीभोवती, आणि मासा तर बोट दिसलं की वर येतो. भुकेने नाही, सवयीने. एका वर्षी तिसऱ्या दिवशी बघतो तर तळाला चुरमुरे, शेंगदाण्याची सालं आणि मोदकातलं खोबरं. तेव्हापासून चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी खाद्याची डबी कपाटात ठेवतो आणि एका मुलाला 'माशांचा मॅनेजर' नेमतो. तो इतर कोणालाही जवळ फिरकू देत नाही.

## कोणते मासे, आणि समुद्र दारात असताना गोडं पाणी का?

गोल्डफिश नको. तो थंड पाण्याचा, वीतभर वाढणारा, भरपूर घाण करणारा मासा आहे. आपली उष्ण हवा आणि लहान टाकी, दोन्ही त्याच्याविरुद्ध. सुरुवातीला गप्पी, प्लॅटी, मॉली किंवा एकटा फायटर बरा. फायटर वर येऊन थेट हवेतूनही श्वास घेतो, म्हणून लाईट गेली तरी तग धरतो. दोन नर मात्र एकत्र ठेवू नका. गप्पी घ्याल तर शक्यतो नुसते नर घ्या. मादी दर महिन्याला पिल्लं घालते आणि एकदा नराशी गाठ पडली की पुढचे कित्येक महिने नर नसतानाही. तीनाचे चाळीस कधी झाले कळत नाही. 'टाकी साफ ठेवतो' म्हणून विकला जाणारा सकर तर घेऊच नका. तो फूटभर वाढतो आणि शेवाळ खातो त्याहून जास्त घाण करतो.

आणि नकोसे झालेले मासे व्हाळात किंवा तळ्यात सोडू नका. सकरचंच बघा, असाच सोडलेला तो देशात ठिकठिकाणी नद्या-तलावांत पसरला आणि मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. दुकानात परत द्या, नाहीतर ओळखीत वाटा.

समुद्राचं पाणी आणून खाऱ्या पाण्यातले मासे ठेवायची हौस मालवणात प्रत्येकाला एकदा येते. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरून सतत पाणी शिरतं आणि तो ते मुतून काढत असतो. समुद्रातल्या माशाच्या अंगातून पाणी सतत निघून जातं आणि तो खारं पाणी पिऊन जगतो. लहान टाकीतलं पाणी उडालं की खारटपणा लगेच वाढतो, आणि समुद्रात वाढलेल्या माशाला असा चढउतार माहीतच नसतो. पावसाळ्यात तर किनाऱ्यालगतचं पाणी नद्यांमुळे पातळ आणि गढूळ होतं. रंगीत समुद्री मासे बघायचेच असतील तर रत्नागिरीला कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मत्स्यालय आहे, तिथे जा. गोड्या पाण्यावर दोन वर्षं हात बसल्याशिवाय घरी नको.

काकीच्या नातवाला मी दोन फुटी टाकी लावून दिली, माझ्या स्पंजाचा तुकडा दिला आणि तीन आठवड्यांनी चार नर गप्पी. त्याला आता दीड वर्ष झालं. परवा तोच माझ्याकडे आला. त्याच्या वर्गातल्या देवबागच्या मुलाने टाकी घेतली आहे, त्याला 'विरजण' द्यायचं होतं. आपल्या फिल्टरमधला काळपट स्पंज अर्धा कापून, टाकीच्याच पाण्यात बुडवून त्याने लोणच्याच्या बरणीत भरून आणला होता. मी एवढंच विचारलं, बरणी कशाने धुतलीस?

"आजयेन धुल्यान. साबणान."

मग परसात जाऊन नारळाची एक मोठी करटी शोधली. स्पंज तिच्यात घातला, टाकीतलं ताजं पाणी वर ओतलं, केळीचं पान दोऱ्याने बांधलं, आणि सायकलवर दोन्ही हात लागतात म्हणून त्याला मागे बसवून मीच देवबागपर्यंत सोडून आलो.